वाफेवरचा वरण-भात

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला बॉयलर नवा नाही. तिथल्या पांडुरंग सहकारी साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ होते. मोठ्या भटारखान्यालाही हीच युक्ती लागू पडते: वाफ एकाच जागी तयार करायची आणि नळीने प्रत्येक भांड्यापर्यंत न्यायची.

शिर्डीत साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात 2009 मध्ये ही वाफ उन्हावर करणारी यंत्रणा बसवली गेली. छतावर 73 परावर्तक तबकड्या बसल्या, प्रत्येकी 16 चौरस मीटरची. सूर्यामागे फिरत त्या ऊन एका बिंदूवर आणतात, पाण्याची वाफ होते आणि त्यावर वरण, भात, भाजी शिजते. ढग आले की गॅसवरचा बॉयलर मदतीला असतोच.

वाफ का परवडते? एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता थेट भांड्याला मिळते. उघड्या शेगडीवर मात्र बरीच आच बाजूने निसटते. पोळ्या आणि तळणाला मात्र वाफ पुरत नाही. तिथे ज्योत हवीच.

वसतिगृहाची खानावळ किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्यांनी सुरुवात सोप्या गोष्टींनी करावी: डाळ आधी भिजवा, झाकण ठेवा, वाफेच्या नळ्यांना उष्णतारोधक वेष्टण घाला. सौर तबकड्यांचा हिशेब त्यानंतर मांडा.