फटींचं छप्पर आणि अखंड रबर

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात एखाद्या कवेलूच्या घरात भर दुपारी वर पाहा. छपरातून उजेडाचे बारीक कवडसे आत उतरलेले दिसतील. जिथून उजेड येतो तिथून पाणीही यायला हवं! या जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने गाडी ठेवायच्या तीन मीटर रुंद, सहा मीटर लांब खोलीवर वर्षाकाठी निदान २३,४०० लिटर पाणी पडतं, त्यातलं बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या माऱ्याखाली फटींनी भरलेलं कवेलूचं छप्पर, नीट फेरलेलं असेल तर, कोरडं राहतं. आणि शेजारचा सपाट स्लॅब, ज्याला वरवर एकही फट नाही, तो काही पावसाळ्यांनी टिपकू लागतो.

कवेलू पाण्याला अडवतच नाही, वाट दाखवतं. कुंभार चाकावर मातीची निमुळती नळी घडवतो आणि ती उभी चिरली की दोन अर्धगोल कवेलू होतात. खालची ओळ पोट वर करून पन्हळीसारखी लावायची, वरची पालथी घालून सांधा झाकायचा. ना खिळा, ना चुना. सगळं उतारावर आणि स्वतःच्या वजनावर टिकून असतं.

शिवाय इथल्या फटी मोठ्या असतात, आणि हेच त्यांचं बळ. एक मिलिमीटर आतल्या व्यासाची काचेची नळी पाण्यात उभी धरली तर पाणी तिच्यात आपोआप सुमारे ३ सेंटिमीटर वर चढतं. नळी दहापट बारीक घेतली तर ३० सेंटिमीटर! भोक जितकं बारीक, तितकी पाण्याची ओढ जास्त. रुंद फटीत ही ओढ नसल्यासारखीच, म्हणून पाणी मुकाट उतारावरून वळचणीला जातं. माकडं उड्या मारून कवेलू सरकवतात, काही फोडतात. म्हणून मृगाआधी घरातलंच कुणीतरी वर चढून फुटकी काढतं, नवी बसवतं. आपलं छप्पर आपल्या हाताने दुरुस्त करण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

स्लॅबला ही सोय नाही. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि उन्हातलं काँक्रीट हवेपेक्षाही जास्त तापतं. तापमान एक अंशाने वाढलं की एक मीटर काँक्रीट साधारण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग लांबतं. ऐकायला क्षुल्लक. पण सहा मीटरच्या स्लॅबवर दिवसरात्रीत ३० अंशांचा फरक पडला तर जवळपास दोन मिलिमीटरची ओढाताण होते, आणि ती रोज होते. तापलेल्या स्लॅबवर वळवाची सर आली की वरचा थर झटकन आकसतो, खालचा गरमच असतो. काँक्रीट दाब पुष्कळ सोसतं, ताण त्याला सोसवत नाही. केसाएवढे तडे पडतात, म्हणजे पाणी ओढून घ्यायला नेमक्या लागतात तेवढ्या बारीक वाटा. सपाटीवर पाणी साचतं, आत मुरतं, सळयांना गाठतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून रेटा देऊन पोपडे पाडतो.

अशा हलत्या पाठीवर सिमेंटचा आणखी एक थर दिला तर तोही तडकणार. तिथे ताणलं जाणारं काहीतरी हवं. साधं रबर उन्हात भेगाळतं, कारण त्याच्या रेणूंच्या मुख्य साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन तेच तोडतो. इथिलीन आणि प्रॉपिलीन या वायूंपासून मुख्यतः बनणाऱ्या ईपीडीएम रबरात मुख्य साखळीत असे बंध नसतात. ते फक्त बाजूच्या फांद्यांवर, साखळ्या एकमेकींना जखडण्यापुरते असतात. ओझोनने ते तोडले तरी कणा शाबूत! असे रेणू घडवण्याची वाट झिग्लर आणि नाट्टा यांच्या उत्प्रेरकांनी खुली केली. दोघांना १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोटारीच्या दाराभोवतीची काळी पट्टी बोटाने दाबून पाहा. ती बहुधा याच रबराची असते. त्यातली काजळी अतिनील किरण शोषून घेते. या रबराचा जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर जाड पत्रा स्वतःच्या लांबीच्या तिप्पट ताणला तरी सहसा तुटत नाही. दोन मिलिमीटरची ओढाताण त्याच्या गावीही नसते.

छोट्या खोलीच्या स्लॅबवर हे रबर घालण्याचं काम दोघांना घरच्या घरी जमण्यासारखं आहे, कारण एवढ्या छतावर एकच अखंड तुकडा बसतो, सांधा येतच नाही. आधी स्लॅब खरवडून, झाडून पूर्ण वाळवायचा. खड्डे बुजवून पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार द्यायचा, साधारण शंभराला एक. रबर उलगडून अर्धा तास तसंच पडू द्यायचं, म्हणजे गुंडाळीचे ताण निघून जातात. मग अर्धं दुमडून खाली गोंद लावायचा, रबर हळूहळू परत टाकायचं, मऊ झाडूने मधून कडेकडे हवा काढायची. उन्हात गोंद पसरायच्या आत सुकतो, म्हणून सकाळची वेळ बरी. कठड्यावर ते निदान १५ सेंटिमीटर वर चढवायचं. कोपऱ्यात कात्री चालवायचा मोह होतो, पण पाणी हमखास तिथूनच शिरतं; तिथे घडीच घालायची.

एक गोष्ट मात्र विदर्भात विसरून चालणार नाही. काळं रबर ऊन पिऊन घेतं आणि खालची खोली तापवतं. गाडीसाठी ठीक, पण माणसं झोपत असतील तर वर रबराला चालणारा पांढरा लेप द्यावा, नाहीतर खाली उष्णता अडवणारा थर घालावा. कवेलूच्या घराला हा प्रश्न पडत नाही, कारण तापलेली हवा त्याच फटींमधून वर निघून जाते.