चारापिकांच्या ऊतिसंवर्धनातील जनुकीय घटक : लसूणघासाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

योग्य परिस्थिती मिळाल्यास वनस्पतीच्या एका जिवंत पेशीपासून संपूर्ण रोप तयार होऊ शकते, हे ऊतिसंवर्धनाचे मूलतत्त्व होय. माध्यमात ऑक्झिन अधिक असल्यास मुळे व सायटोकायनिन अधिक असल्यास अंकुर फुटतात, असे स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवरून दाखविले. तेव्हापासून प्रयोग फसला की संप्रेरकांचे प्रमाण बदलून पाहण्याचा प्रघात पडला. चारापिकांच्या बाबतीत हा उपाय अनेकदा अपुरा पडतो. त्यामागील जनुकीय कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लसूणघासातील विविधता

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘आर.एल.-८८’ हा लसूणघासाचा वाण महाराष्ट्रात परिचित आहे. लसूणघासात परपरागीभवन होते. शिवाय लागवडीखालील लसूणघास चतुर्गुणित असून त्यात ३२ गुणसूत्रे असतात. त्यामुळे एकाच पिशवीतील दोन बियांची जनुकीय घडण सारखी नसते. एकाच माध्यमावर एका रोपाच्या कॅलसला अंकुर फुटतात, तर दुसऱ्याचा कॅलस केवळ वाढत राहतो. म्हणजेच कॅलसची वाढ आणि त्यापासून होणारे पुनर्जनन हे दोन भिन्न गुणधर्म आहेत.

आनुवंशिकतेचा पुरावा

अमेरिकेतील बिंगहॅम व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये पुनर्जननक्षम रोपे निवडून त्यांचा आपापसांत संकर केला. निवडीच्या केवळ दोन फेऱ्यांत अशा रोपांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. पुढे १९८० मध्ये राइश व बिंगहॅम यांनी द्विगुणित लसूणघासात या गुणधर्मामागे दोन प्रभावी जनुके असल्याचे मांडले. प्रभावी जनुकांचा गुण संकराने इतर वाणांत आणणे तुलनेने सुलभ असते.

संकरित नेपिअर : वेगळी स्थिती

बाजरी व नेपिअर यांचा संकर त्रिगुणित आणि वंध्य असल्याने त्याची लागवड कांड्या वा ठोंबांपासून होते. परिणामी एका वाणाची सर्व रोपे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकरूप असतात. येथे एकाच वाणाच्या रोपांत फरक दिसल्यास तो प्रथम पानाचे वय, ऊतीची जागा व माध्यम यांत शोधणे सयुक्तिक ठरते.

प्रयोगशाळेसाठी अर्थ

लसूणघासाच्या प्रयोगात दोन माध्यमांची तुलना करताना प्रत्येक रोपाचे तुकडे दोन्ही माध्यमांवर ठेवावेत आणि रोपनिहाय नोंद ठेवावी. अन्यथा जनुकीय फरकाचे श्रेय माध्यमाला दिले जाण्याचा धोका संभवतो. पदव्युत्तर प्रकल्पात चार-पाच रोपांवरून संपूर्ण वाणाविषयी निष्कर्ष काढणेही उचित नव्हे.

निष्कर्ष

बाटलीत सहज वाढणारे रोप शेतात उत्तम चारा देईलच असे नाही. म्हणून पुनर्जननक्षमतेची निवड हिरव्या चाऱ्याचे उत्पादन व रोगप्रतिकारशक्ती यांच्या निवडीशी जोडावी लागते. माध्यम ही संधी होय. तिला प्रतिसाद देण्याची क्षमता मात्र रोपाच्या जनुकांत असावी लागते.