एक पौंड मैदा, एक पौंड लोणी : जुन्या पुस्तकातले केक आणि आपली भट्टी

आपल्या समाजात बेकरीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुंबई असो, भिवंडी असो की मालेगाव, पहाटे पाव घ्यायला गेलो तर भट्टीपुढे घामाघूम झालेला कारागीर बहुधा आपलाच भाऊ असतो. पाव, बटर, खारी, टोस्ट आणि नानकटाई या मालात त्याचा हात धरणारा विरळा. पण केकचे नाव काढले की हाच उस्ताद तयार मिश्रणाची गोणी फोडतो, त्यात जेल टाकतो, मशीन फिरवतो आणि वर मलईसारखा दिसणारा तेलाचा फेस थापतो. शेजारचा बेकरीवालाही तेच करतो, पलीकडच्या गल्लीतलाही तेच. ज्याचा माल सर्वांसारखा, त्याला शेवटी भाव पाडूनच विकावा लागतो. आम्ही कापडवाले ही गोष्ट ग्रे कापडाच्या बाजारात रोज पाहतो.

म्हणून आज या पानावर आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे : दीडशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पाकपुस्तकांतले केक. कापडाच्या माणसाने केकवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण ही पुस्तके चाळताना आम्हाला स्वयंपाकघरापेक्षा पेढीचीच आठवण जास्त झाली. त्यांत सगळा कारभार तराजूचा आहे.

सर्वांत सोपा आणि सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे पौंड केक. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली लंडनमध्ये ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड इझी’ हे पुस्तक काढले. त्यात या केकची कृती चार-पाच ओळींत संपते. एक पौंड लोणी, एक पौंड साखर, एक पौंड मैदा, बारा अंडी, पण पांढरा बलक निम्म्याच अंड्यांचा, आणि थोडे कॅरवे, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचे बी. सोडा नाही, पावडर नाही, इसेन्स नाही. नावातच माप आहे; लिहिता-वाचता न येणारी बाईदेखील ते विसरणार नाही. पौंड म्हणजे आजचे ४५४ ग्रॅम. किलोचा जमाना येऊन साठ वर्षे उलटली, तरी आपल्या यंत्रमागवाल्यांचा पौंड काही सुटलेला नाही. ४० काउंटचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लड्या, हा हिशेब अजून इंग्रजी पौंडातच चालतो. तेव्हा हे माप आपल्याला परके वाटायचे कारण नाही.

मग केक फुगतो कशाने? सारे इंगित इथेच आहे. ग्लासबाई सांगतात की लोणी मातीच्या भांड्यात घेऊन हाताने, एकाच दिशेने, दाट मलईसारखे होईपर्यंत फेसावे. पुढे सर्व जिन्नस एकत्र करून पुन्हा तासभर हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने फेटावे. साखरेचे टोकदार कण लोण्यात हवा कोंडतात. भट्टीच्या आचेने ती हवा फुगते, लोण्या-अंड्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि केक वर येतो. फुगवणारी वस्तू म्हणजे माणसाची मेहनत. बेकिंग पावडर पुढे बऱ्याच काळाने आली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हते.

आता आपला नानकटाईवाला आठवा. परातीत साखर आणि थिजलेले तूप घेऊन तो तळहाताने घासत राहतो, पांढरे शुभ्र आणि हलके होईपर्यंत. ग्लासबाईंचे लोणी फेसणे ते हेच. जी कला शिकायला लोक आज पैसे भरून वर्गात जातात, ती आपल्या कारागिराच्या तळव्यात आहे. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘खताई’चा संबंध काही जण ‘खता’शी, म्हणजे चीनच्या जुन्या फारसी नावाशी, जोडतात. ते काहीही असो, आमच्या लहानपणी ईदच्या आधी घरोघरचे मैदा-तूप-साखरेचे डबे बेकरीवर जात, आणि भाजणावळ देऊन पत्रेच्या पत्रे नानकटाई घरी येई. सामान ज्याचे त्याचे, भट्टी आणि हात उस्तादाचा. ग्राहकाने माप डोळ्यांनी पाहिलेले असे, म्हणून भेसळीची शंका उरत नसे.

दुसरा केक व्हिक्टोरिया सँडविच. तो इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या ‘बुक ऑफ हाऊसहोल्ड मॅनेजमेंट’मध्ये मिळतो. पुस्तक आले तेव्हा बाईंचे वय अवघे पंचवीस, आणि पुढे २८ व्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. पहिल्याच वर्षी पुस्तकाच्या साठ हजार प्रती खपल्या असे सांगतात. त्यातल्या पुष्कळ कृती दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेल्या आहेत हेही आता उघड झाले आहे. पण मांडणी मात्र व्यापाऱ्याने शिकावी अशी. या केकचे माप असे : चार अंडी, आणि त्या अंड्यांच्या वजनाइतकी साखर, तितकेच लोणी, तितकाच मैदा, चिमूटभर मीठ. भाजून झाल्यावर मध्ये मुरंब्याचा थर.

यात गंमत अशी की वजनांची गरजच नाही. तागडीच्या एका पारड्यात अंडी ठेवा, दुसऱ्यात साखर ओता, काटा मध्यावर आला की झाले. मग लोणी, मग मैदा. अंडी लहान असोत की मोठी, प्रमाण बिघडत नाही. जुन्या पुस्तकांवरून केक करणारे फसतात ते अंड्यांच्या आकड्यावर, कारण अडीचशे वर्षांपूर्वीची अंडी आजच्यापेक्षा लहान असत. आजची ५०-५५ ग्रॅमची अंडी घेतली तर फोडून नऊ-दहा अंड्यांतच एक पौंड भरतो. म्हणून अंडी मोजू नयेत, तोलावीत. तोलमापाविषयी कुराण शरीफात सूरह मुतफ्फिफीन आहे हे आपल्या दुकानदारांना आम्ही सांगायला नको.

बीटनबाईंची आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. प्रत्येक कृतीखाली चार बाबी दिलेल्या असतात : लागणारा वेळ, सरासरी खर्च, किती जणांस पुरेल, आणि कोणत्या मोसमात करावे. ही तर सरळ पडतळ झाली! आपल्या किती बेकऱ्यांत एका केकची पडतळ कागदावर आहे? पौंड केकचेच पाहा. चारही जिन्नस मिळून घाणा १८०० ग्रॅमच्या आसपास होतो. भाजताना साधारण दहा टक्के वजन उडते, म्हणजे हाती १६०० ग्रॅमच्या जवळपास माल येतो. जिन्नसांचे आपल्या गावचे भाव, गॅस किंवा लाकूड, मजुरी आणि डबा यांची बेरीज करून १६ ने भागले की शंभर ग्रॅमची पडतळ निघाली. सर्वांत जड रक्कम लोण्याची असेल. तिथेच हात आखडून वनस्पती घातले तर हा केक उरतच नाही. मग तयार मिश्रणाची गोणीच बरी.

आता हलालचा प्रश्न. जुन्या इंग्रजी पुस्तकांत मनुक्यांच्या केकात ब्रँडी सर्रास येते. आणखी जुन्या कृतींत दारूच्या भट्टीवरचा फेस खमीर म्हणून घातलेला असतो, तर पुडिंगात गाई-बैलाची चरबी. यामुळे कोणी पुस्तकच मिटून ठेवू नये. मनुके, बेदाणे आणि खजूर रात्रभर कडक कोऱ्या चहात किंवा संत्र्याच्या रसात भिजवावेत. ही पळवाट नव्हे. वेल्स आणि आयर्लंडमध्ये चहात भिजवलेल्या मनुक्यांचा केक घरोघर होतो. चरबीच्या जागी लोणी घ्यावे. खरी सावधगिरी जुन्या पुस्तकांपेक्षा नव्या बाटल्यांबाबत हवी. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकते. लाल रंगात ई १२० असेल तर तो किड्यापासून काढलेला असतो. जेलमधले ई ४७१ वनस्पतीचेही असते, प्राण्याचेही. पाकिटावरचा हिरवा ठिपका चरबीची शंका दूर करतो, अल्कोहोलची नाही. शंका असेल तिथे आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. शहाजिरे, वेलची, जायफळ, लिंबाची साल यांना मात्र कोणाचा फतवा लागत नाही.

परक्या केकात आपले जिन्नस घालण्याची हिंमत नवी नाही. मलबारात तलश्शेरी येथे १८८३ साली मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने विलायतेचा केक मंबल्ली बापू या बेकरीवाल्यापुढे ठेवला आणि असा करून दे म्हणाला. बापूंनी आसपास मिळणाऱ्या मालातून तो करून दाखवला. त्यांनी काजूच्या फळाची दारू वापरली, ती आपल्या कामाची नाही. पण नमुना चाखून माल बनवण्याची तयारी घेण्यासारखी आहे. मुंबईच्या इराणी-पारशी मंडळींनी असाच केकात मावा आणि वेलची घातली. १९१४ साली ग्रँट रोड स्टेशनसमोर सुरू झालेल्या बी. मेरवान यांचे नाव त्या एका मावा केकवर झाले. मलई नाही, सजावट नाही, कागदात बसवलेला एवढासा केक.

आता आम्ही हे आजच का लिहीत आहोत, त्याकडे वळू. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा इंधनावर जाण्याचा आदेश दिला. धुराचा त्रास खरा आहे, भट्टीपुढे उभ्या कारागिराच्या छातीला तर सर्वांत आधी. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण या बदलात एक मोठी मालमत्ता बुडू शकते, आणि तिची नोंद कोणत्याही खातेवहीत नाही. ती म्हणजे उस्तादाचा अंदाज.

विटांच्या भट्टीचे काम उतरत्या आचेचे असते. लाकूड जळून निखारे ओढले की पहिल्या कडक आचेत पाव, मग जरा उतरली की नानकटाई आणि केक, आणि रात्रभरच्या उरल्या ऊबेवर टोस्ट सुकवायचा. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही असेच आहे. त्यांत अंश दिलेले नसतात. ‘मंद भट्टी’, ‘मध्यम भट्टी’ असे शब्द असतात, आणि आत पांढरा कागद टाकून तो किती वेळात पिवळा पडतो यावर पारख करतात. आपला उस्ताद हात आत घालून सांगतो. पण त्याचा हात त्याच भट्टीचा आहे. भट्टी मोडली, नवी मशीन आली की ‘हात सांगतो’ याला अर्थ राहत नाही. बटण किती अंशावर ठेवायचे हे मशीनला आकड्यात सांगावे लागते. उस्ताद गावी निघून गेला तर आकडा सांगणारा कोणीच नाही. मग मशीन विकणाऱ्याबरोबरच मिश्रणाची गोणी आत येते.

ग्लासबाई, बीटनबाई आणि त्यांच्या मधल्या एलायझा ॲक्टन यांनी हेच काम केले. ॲक्टनबाईंनी १८४५ च्या आपल्या पुस्तकात जिन्नसांची मापे कृतीपासून वेगळी काढून छापली. तोवर सगळे एका दमात, गोष्टीसारखे लिहीत. घराघरांतला अंदाज कागदावर आला म्हणून आज इतक्या वर्षांनी आपण तो केक करू शकतो. आमच्या पाहण्यात अशा बेकऱ्या आहेत जिथे तीन पिढ्यांची नानकटाई आहे आणि एका ओळीचे माप नाही. मुलगा पदवीधर, संगणकावर हिशेब ठेवणारा, पण परातीत तूप किती पडते हे त्याने कधी तोलून पाहिलेले नाही. लाकडाची भट्टी ज्यांच्याकडे अजून पेटते त्यांनी भट्टीचा थर्मामीटर आणावा आणि आठवडाभर पाव, केक, नानकटाई आत जाताना व बाहेर येताना अंश आणि मिनिटे लिहून ठेवावीत. उस्तादाने मूठभर घेतले की ती मूठ काट्यावर ठेवावी. उस्तादाला वाटेल की गुपित काढून घेताहेत. त्याचा मान आणि त्याचा मोबदला आधी ठरवावा, आणि वहीवर त्याचे नाव घालावे. फुकटात कोणाचा हुनर घेणे हलाल नाही.

ज्यांना पौंड केक करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. आपल्या हवेत लोणी फार लवकर वितळते, आणि वितळले की हवा धरत नाही. फेसण्याचे काम पहाटे करावे, परातीखाली गार पाण्याचे भांडे ठेवावे. पाकिटातले खारे लोणी असेल तर वरून मीठ नको. साजूक तूप वापरायचे तर एक पौंड लोण्याऐवजी ३६० ग्रॅम तूप आणि ७५ मिलिलिटर दूध, कारण लोण्यात पाणी असते आणि तुपात नसते. साखर बारीक दळावी, पण पार पिठी नको. अंडी थोडी थोडी घालावीत. मिश्रण फाटल्यासारखे दिसले तर चमचाभर मैदा टाकावा. मशीनच्या भट्टीत १६० अंशांवर तास-सव्वातास ठेवावा, मधे दार उघडू नये.

विक्रीच्या बाजूने पाहता या केकला मलई नसल्याने फ्रिज लागत नाही. बंद डब्यात आठवडाभर सहज टिकतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतो, म्हणजे बाहेरगावची ऑर्डर घेता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही आधारच. घरातून करणाऱ्या आपल्या बहिणींनी अन्न सुरक्षेची नोंदणी तेवढी करून घ्यावी. पुस्तकांसाठी खर्च नाही. ही जुनी पुस्तके केव्हाच हक्कमुक्त झाली आहेत आणि संगणकावर फुकट वाचता येतात. डबा भरण्याची मात्र घाई करू नये. केक पूर्ण गार व्हायला दोन-तीन तास लागतात. कोमट असतानाच गुंडाळला तर आत घाम धरतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी येते.