लघु अनुदान म्हणजे काय?

अनुदान म्हटले की आपल्याला शाळांचे वेतन-अनुदान आठवते. करिअर समुपदेशनातील (शिक्षण व व्यवसाय निवडायला मार्गदर्शन) नव्या प्रयोगांसाठीच्या लघु अनुदानाकडेही त्याच नजरेने पाहिले जाते. पण ते कायमचा आधार नसते. एखादी कल्पना ठरलेल्या मुदतीत करून पाहण्यासाठी दिलेली ती छोटी रक्कम असते. कर्जासारखी ती फेडायची नसते. हिशेब आणि अनुभव मात्र लिहून द्यायचा असतो.

शेतकरी नवे वाण आधी दोन गुंठ्यांत लावून बघतो, तसेच हे. पीक फसले तरी बाकीचे रान वाचते. म्हणून प्रयोग फसला की पैसे बुडाले, असे समजणे बरोबर नाही. फसलेले लपवले, तर मात्र खरोखर बुडाले.

करिअर समुपदेशनातील एक जुना प्रयोगही असाच मदतीवर उभा राहिला. अमेरिकेतील बॉस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी ‘व्होकेशन ब्यूरो’ (व्यवसाय मार्गदर्शन केंद्र) काढला, तो पॉलीन अगासिझ शॉ या दानशूर बाईंच्या पाठबळावर. त्याच वर्षी पार्सन्स वारले. आधी स्वतःची ओळख, मग कामांची माहिती, मग दोहोंचा मेळ ही त्यांची पद्धत १९०९ मध्ये पुस्तकरूपाने आली. आजचे अनेक समुपदेशकही तिचा आधार घेतात.