आदल्या रात्रीचा पाना

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खरी परीक्षा बोरघाटात होते. गोवंडीहून मानखुर्द, वाशीची खाडी, पनवेल असा खोपोलीपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट. पुढे लोणावळ्याच्या सुमारे ६२० मीटर उंचीकडे चढ लागतो. म्हणून आदल्या रात्री चेन बदलायची, गोवंडीच्या गल्लीत दोन चकरा मारायच्या आणि सायकल तयार समजायची, यात फसगत आहे. मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दात जुन्या चेनबरोबरच झिजलेले असतात. नवी चेन त्यांच्यावर नीट बसत नाही. गल्लीत पायाचा जोर लागत नाही, त्यामुळे हे कळतही नाही. घाटात सीटवरून उठून पॅडल दाबले की चेन दातांवरून सटकते. गिअरच्या नव्या केबलचेही तसेच. तार ताणली असे आपण म्हणतो, पण बहुधा तिच्यावरचे आवरण आणि टोकाच्या टोप्या दाबून जागेवर बसतात, म्हणून ती सैल पडते. अकरा चक्रांच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चक्रांत चार मिलिमीटरही अंतर नसते. म्हणून तारेची थोडी ढिलाईही गिअर बिघडवायला पुरते. डिस्क ब्रेकचे नवे पॅडही बरेचदा दाबून घासल्याशिवाय पुरते धरत नाहीत.

मग झिजलेल्या भागांवरच शर्यतीला जायचे का? टायर चिरला असेल, केबलचे धागे सुटले असतील किंवा चेनची कडी वाकली असेल, तर रात्री बारालाही बदलावे. तिथे पर्याय नाही. नुसत्या झिजेला मात्र आठवडाभर आधी हात घालावा, चेनबरोबर गरजेप्रमाणे कॅसेटही बदलावी आणि एखाद्या चढावर जोर लावून पाहावे. मोठ्या शर्यतींत रातोरात दुरुस्त्या होतात, हा दाखलाही अपुरा आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. तिथे मागे गाडी आणि मदतनीस असतात. एकट्याने निघालेल्याची बिघडलेली सायकल त्यालाच ढकलावी लागते. (गिअर नसलेल्या साध्या सायकलीला हे नखरे कमी, हेही खरे.)

आदल्या रात्री करायचे ते थोडकेच. चेन पुसून तेल द्यावे आणि वरचे तेल टिपून घ्यावे, चाकाचा आउट पाहावा, टायरमध्ये रुतलेल्या काचा काढाव्यात, हँडल आणि सीटचे बोल्ट तपासावेत. पिशवीतली जादा ट्यूब एकदा फुगवून पाहावी. अनेकदा ती मागच्या पंक्चरनंतर तशीच घडी करून ठेवलेली असते.