दुवा कुठे नेतो?

मराठीत ‘दुवा’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. एक साखळीतला, दुसरा फकिराच्या ओठांवरचा. संगणकाच्या पडद्यावर असतो तो पहिल्या जातीचा. त्यावर टिचकी मारली की पुढचे पान उघडावे, एवढीच त्याची जबाबदारी. पण कचेरीत बिनतक्रार उघडणारा दुवा कधी कधी घरून उघडतच नाही. अर्जाची शेवटची तारीख असते, पहिले पान दिसते आणि ‘पुढे’ म्हटले की उत्तर येते : असा पत्ता सापडत नाही.

हे का होते? जुना चौसोपी वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेरचा माणूस थेट माजघरात जात नाही. देवडीवरचा कारभारी त्याचे काम ऐकतो, आत जाऊन वस्तू आणतो आणि त्याच्या हातात ठेवतो. मोठ्या संकेतस्थळांच्या दारात असा एक कारभारी सर्व्हर असतो. त्याला ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ म्हणतात. आतली यंत्रे जगाला दिसत नाहीत, कामाची वाटणी होते आणि कुलूपकिल्ली एकाच जागी राहते.

घोटाळा होतो तो आतल्या माणसाच्या चिठ्ठीत. तो आपल्या सवयीने लिहितो, ‘पुढचा कागद मागच्या चौकात, विहिरीजवळ मिळेल.’ घरच्यांना हे कळते. रस्त्यावरच्या पाहुण्याने कुठली विहीर शोधायची? आतल्या सर्व्हरने पानात स्वतःचे अंतर्गत नाव घालून दुवा लिहिला, तर बाहेरच्या संगणकाला ते नाव ठाऊक नसते. शिवाय आतल्या खोल्यांची नावे चारचौघांत जातात, ती वेगळीच.

मग कारभाऱ्याने चिठ्ठी देण्यापूर्वी पत्ता दुरुस्त करायचा. पानासोबत पाकिटासारखा काही मजकूर जातो. ‘येथे नको, तिकडे जा’ ही सूचना त्यावर असते. ‘अपाची’ या प्रसिद्ध सर्व्हरमध्ये ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ नावाची आज्ञा ती सूचना सुधारते. पण ती पाकीट फोडत नाही. पानाच्या पोटातले दुवे बदलायला ‘मॉड-प्रॉक्सी-एचटीएमएल’ हा वेगळा भाग लागतो. 2012 साली आलेल्या 2.4 या आवृत्तीपासून तो अपाचीतच मिळतो. दुवा कोणता आणि साधा मजकूर कोणता, हे तो ओळखतो.

हा फरक महत्त्वाचा आहे. नुसते ‘हा शब्द काढा, तो घाला’ केले तर लेखातले निरपराध वाक्यही बदलते. कवितेत एक शब्द सरसकट बदलला तर काय होते, ते मी सांगायला नको! पान दाबून, आवळून पाठवले असेल, तर आधी सोडवल्याशिवाय त्यातले काही वाचताही येत नाही. आणि जो पत्ता वाचकाच्या संगणकावर जावास्क्रिप्ट तुकडे जोडून ऐनवेळी तयार करते, तो तर देवडीवरून जाताना पूर्ण दिसतच नाही.

दुवे बदलण्याचे हे काम नेहमी मलमपट्टीच असते असे मात्र नाही. 1999 साली अमेरिकेत ख्रिस झागर या ग्रंथपालाने ‘ईझेडप्रॉक्सी’ तयार केले. महाविद्यालयाने वर्गणी भरलेली नियतकालिके विद्यार्थ्याला घरून वाचता यावीत, म्हणून ते पानातले दुवे आपल्याकडे वळवून घेते. तिथे दुवा बदलतो म्हणूनच दार उघडते.

एरवी शहाणपणाचा मार्ग मुळाशी आहे. आतल्या सर्व्हरला आपले बाहेरचे नाव सांगून ठेवावे. पाहुण्याने कोणत्या नावाने हाक मारली, हे कारभाऱ्याने आत कळवावे. त्याची प्रमाण पद्धत 2014 पासून ठरलेली आहे. आतल्याने मात्र हा निरोप कारभाऱ्याच्याच तोंडचा मानावा, कुणाही वाटसरूच्या नव्हे. बाहेरची वाट आणि आतली वाट शक्यतो एकसारखी ठेवावी. दुवेही ‘याच पानाशेजारी’ अशा सापेक्ष भाषेत लिहावेत.

आणि काम संपल्यावर एकदा वाड्याबाहेर, रस्त्यावर उभे राहून प्रत्येक दुवा उघडून पाहावा. कारण तो ज्याच्यासाठी लिहिला, तो माणूस तिथेच उभा असतो. त्याचे काम झाले, तर दुसऱ्या अर्थाचा दुवाही तोच देईल.