गाविलगड चढणं हा खेळ आहे का?

चिखलदऱ्याला आलेला माणूस गाविलगड चढताना घामाघूम होतो. पण नुसता घाम म्हणजे खेळ नव्हे, मंडळी! नियम, पंच आणि हार-जीत आली की खेळ. कृत्रिम भिंतीवरचं चढणं तसंच टोकियो ऑलिम्पिकमध्ये पोचलं.

आपला मल्लखांबच पाहा. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेला हा पहिलवानांचा व्यायाम. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ला बर्लिन ऑलिम्पिकला गेलं, तेही भारतीय व्यायाम-खेळांच्या प्रात्यक्षिकांसाठी. मल्लखांबाची राष्ट्रीय स्पर्धा १९५८ला दिल्लीत झाली, पहिली जागतिक स्पर्धा २०१९ला मुंबईत. खांब तोच, कसरतीही बऱ्याचशा त्याच. गुण देणारे पंच आले अन् खेळ झाला! माझ्या मते हा शंभर टक्के खेळ.

तुमचं मत काय? कमेंटमध्ये सांगा.